नमुन्याचं बॉबिन

सुरंगीच्या एका कारखान्यात एक माणूस एकोणीस वर्षं एकाच गोष्टीचा पगार घेत होता: पेटीवरच्या चिठ्ठीवर विश्वास न ठेवण्याचा.

कारखाना पॉलिस्टर सुताचा. गुळगुळीत धागा येतो, त्याला तापवतात, पीळ देतात, पुन्हा उलगडतात आणि लोकरीसारखा फुगीर करून सुरतेच्या मागांकडे पाठवतात. हा माणूस तिथल्या प्रयोगशाळेत. पेटीवर ‘150 डेनियर’ असं ठळक छापलेलं असलं तरी तो बॉबिनवरून नव्वद मीटर धागा चरखीवर घ्यायचा आणि काट्यावर ठेवायचा. 9,000 मीटरचं जितके ग्रॅम वजन तितकं डेनियर, म्हणजे नव्वद मीटरचं दीड ग्रॅम भरायला हवं. भरलं तर ठीक. मग दुसरी परीक्षा. लॉटमधल्या बॉबिनांचे धागे एकापाठोपाठ एक लावून मोज्यासारखी लांब नळी विणायची आणि ती रंगाच्या पाण्यात उकळायची. यंत्राच्या एखाद्या हीटरचं तापमान दोन-चार अंशांनी इकडेतिकडे झालेलं असलं, तर त्या बॉबिनचा तेवढाच पट्टा फिका किंवा गडद उठतो. नव्या पोरांना तो सांगायचा, “पांढऱ्यात सगळे सारखेच दिसतात रे. रंग चढला की कोण कुठे तापलं ते कळतं.”

शेवटी शिक्का. शिक्के तीन: पास, रिजेक्ट आणि होल्ड.

हा मूळचा धुळ्याकडचा, साक्री तालुक्यातला. सुरंगी दादरा-नगर हवेलीत. तिथे कारखान्यांना करसवलती मिळाल्या, वापीचं स्टेशन जवळ, सुरतेची बाजारपेठ जवळ. त्यामुळे खानदेशातून, बिहारमधून, ओडिशातून माणसं येत राहिली. तोही बीएस्सी केमिस्ट्रीची गुणपत्रिका घेऊन बाविसाव्या वर्षी आला. आता एक्केचाळीस. घरी बायको, आठवीतली मुलगी आणि आई. बायको जवळच्याच एका शाळेत मराठी माध्यमाच्या वर्गांना इतिहास-भूगोल शिकवायची, कंत्राटावर.

पावसाळ्याच्या तोंडाला प्रयोगशाळेत नवं यंत्र आलं. चार माणसं आठ तासांत जेवढे धागे तोडून ताण मोजत, तेवढे ते एका दुपारीत मोजायचं आणि आकडे थेट संगणकात टाकायचं. कुणाला काढलं नाही, हे खरं. पण त्याच आठवड्यात रात्रपाळीला, पहाटे दोनच्या चहाच्या वेळी, याने मोबाइलवर एका जाहिरातीखालचं ‘मला माहिती हवी आहे’ हे बटण दाबलं. ऑनलाइन एमएस्सी, डेटा सायन्स. दोन वर्षं, चार सत्रं, सगळे मिळून नव्वद हजार. महिन्याचा हप्ता चार हजारांच्या आत.

सकाळी दहाला फोन सुरू झाले. रात्रपाळी करून झोपलेल्या माणसाला सकाळी दहाला कोण फोन करतं, हे मला तरी कळलेलं नाही.

“सर, सीट होल्ड करून ठेवू का?”

होल्ड हा शब्द ऐकून तो जरासा जागा झाला.

त्याने आधी चिठ्ठी तपासली, हे त्याच्या स्वभावाला धरूनच झालं. विद्यापीठ अनुदान आयोगाचे दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणाचे 2020 चे नियम आहेत. मान्यताप्राप्त संस्थेची ऑनलाइन पदवी वर्गात बसून घेतलेल्या पदवीच्या बरोबरीची मानावी, असं त्यांत म्हटलं आहे आणि आयोगाने सप्टेंबर 2022 मध्ये ते पुन्हा जाहीरही केलं. वैद्यक, अभियांत्रिकी, कायदा असे काही विषय या पद्धतीने शिकवायला बंदी आहे. आयोगाच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या संकेतस्थळावर मान्यता असलेल्या विद्यापीठांची यादी असते, आणि तिच्यात नुसतं विद्यापीठाचं नाव पाहून भागत नाही. त्या सत्रासाठी तो अभ्यासक्रमही असावा लागतो. त्याने दोन्ही पाहिलं. दोन्ही होतं.

चिठ्ठी खरी निघाली. पण चिठ्ठी खरी म्हणून माल पास करायची त्याला सवय नव्हती.

मग वजन. त्या अभ्यासक्रमाचे श्रेयांक होते ऐंशी. या शिक्षणपद्धतीत एक श्रेयांक म्हणजे अभ्यासाचे तीस तास धरतात. पाहणं, वाचणं, गृहपाठ, सगळं आलं त्यात. त्याने रिपोर्टच्या पाठकोऱ्या कागदावर गुणाकार मांडला. 80 गुणिले 30, 2,400 तास. दोन वर्षांचे आठवडे 104. भागाकार तेवीसच्या वर गेला. आठवड्याला तेवीस तास! काउन्सेलर मात्र म्हणाला होता, “सर, रोज अर्धा तास दिला तरी होतं.”

आता इथे एखादा म्हणाला असता, खोटं बोलतोय साला, आणि विषय संपवला असता. दुसरा म्हणाला असता, एवढ्या लोकांचं होतंय तर आपलंही होईल. यातलं काहीच न करता हा नमुना काढायला निघाला. पदवीचं एक बॉबिन विणून बघायचं.

आपल्याकडे त्याची सोय आहे, आणि ती पुरेशी कुणी वापरत नाही असं माझं मत आहे. आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून 2003 पासून चालवलेला एनपीटेल हा उपक्रम. त्यातले अभ्यासक्रम शिकायला पैसे पडत नाहीत. परीक्षा द्यायची असेल तर हजार रुपये भरायचे आणि केंद्रावर जाऊन संगणकासमोर बसायचं. दर आठवड्याला गृहपाठ, त्याला मुदत. बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात सर्वांत चांगले आठ गृहपाठ धरतात. त्यांचे पंचवीस टक्के, परीक्षेचे पंचाहत्तर. त्याने जुलैतला संख्याशास्त्राचा बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम निवडला. काउन्सेलरला म्हणाला, “ऑक्टोबरनंतर बोलू.”

“सर, तोपर्यंत ही सवलत राहणार नाही.”

“मग बिनसवलतीचं बोलू.”

पहिले तीन आठवडे थाटात गेले. मुलीचा टॅब, स्वतःची वही, आतल्या खोलीचं दार लोटलेलं. आईच्या मालिकेचा आवाज कमी. मग पाऊस लागला. इकडचा पाऊस म्हणजे दमणगंगा लाल होऊन वाहते, मधुबन धरणाची दारं उघडतात आणि नेटवर्क कुठे जातं ते कळत नाही. पाचव्या आठवड्यात डबल पाळी आली, गृहपाठ बुडाला. सहाव्यात मान दुखायला लागली. चाळिशीनंतर चष्म्याचा आणि टॅबचा मेळ बसत नाही. व्याख्यान ऐकताना झोप लागते ती वेगळीच. सातव्या आठवड्यात त्याने एकच व्याख्यान तीन वेळा पाहिलं आणि तिन्ही वेळा त्याच ठिकाणी झोपला.

नवव्या आठवड्यात मात्र काहीतरी लागलं. नियंत्रण आलेख नावाचा प्रकार आला: मधली रेघ, वरची मर्यादा, खालची मर्यादा आणि रोजच्या मोजमापाचे ठिपके. सगळे ठिपके मर्यादेत असले तरी ओळीने आठ ठिपके मधल्या रेषेच्या एकाच बाजूला पडले, तर काहीतरी सरकतंय असं समजायचं. त्याने दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतल्या जुन्या नोंदवहीतून एका यंत्राचे महिनाभराचे आकडे काढले आणि ठिपके मांडले. एका जागेचे नऊ ठिपके ओळीने रेषेखाली होते. प्रत्येक आकडा पास झालेला. त्याच्याच सहीने. मेन्टेनन्सवाल्याला बोलावून त्या जागेचा हीटर तपासायला लावला. तापमान खरंच घसरत चाललं होतं. नळीवर पट्टा उठायला अजून आठवडाभर तरी लागला असता.

त्या दिवशी तो घरी येताना वाटेत थांबला आणि जिलेबी घेऊन आला. कशाची, ते कुणाला नीट समजावून सांगता आलं नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी सुरतेला जाऊन परीक्षा दिली. पुढे निकाल आला: 61. नव्या माणसाला वाईट नाही.

निकालाची वाट न पाहता त्याने आणखी एक काम केलं होतं. ज्या दाराला ही किल्ली लावायची, त्या दाराशीच जाऊन विचारलं. पुण्यात त्याचा मावसभाऊ एका कंपनीत डेटा सायन्सच्याच कामात होता, आणि माणसं निवडायलाही बसायचा. दिवाळीत तो गावी भेटला.

“दादा, खरं सांगू का?” मावसभाऊ म्हणाला. “पदवी खोटी नाही. जिथे ‘पदव्युत्तर हवं’ असं छापलेलं असतं, तिथे तुझा अर्ज आत येईल. पण त्या टेबलावर तुझ्या शेजारी तेवीस वर्षांची पोरं असतील. ती निम्म्या पगारात येतील आणि रात्री दोनपर्यंत बसतील.”

“आणि मला काय येतं म्हणून घ्यायचं?”

“तो हीटरचा किस्सा सांगितलास ना, तो त्यातल्या एकालाही सांगता येणार नाही. तुझ्याच कारखान्याच्या आकड्यांवर असं वर्षभर काही करून दाखवलंस, तर मला ते पदवीपेक्षा आधी वाचावंसं वाटेल. मी माझं सांगतोय हं, सगळ्यांचं नाही.” मग थोडं थांबून, “तू सुरंगी सोडणार आहेस का पण?”

हे त्याने धरलंच नव्हतं. ही कामं पुण्यात, बंगळुरूत, फार तर अहमदाबादेत. घरून काम देतात, पण अनुभवी माणसाला. कोऱ्याला सहसा नाही. अमेरिकेत जॉर्जिया टेकने 2014 साली संगणकशास्त्राची मास्टर्स पदवी सात हजार डॉलरच्या आसपास ऑनलाइन द्यायला सुरुवात केली, तेव्हा अर्ज करणारे बहुतेक तिशी ओलांडलेले आणि नोकरीत असलेले निघाले. स्वस्त आणि घरबसल्या पदवीला असंच गिऱ्हाईक येणार, ज्याला नोकरी सोडता येत नाही. पण पदवी घरी येते म्हणून पुढची नोकरीही घरी येईल, असं त्या चिठ्ठीवर कुठेच लिहिलेलं नसतं. ते आपण वाचतो.

तरीही त्याचं मन पदवीकडे ओढत होतं. अभ्यास जमतो हे कळलं होतं, आवडतो हेही. शिक्का उचललाच होता. राहिला होता तो हिशेब.

कारखान्यात महिनाअखेर टॅली असते. किती किलो धागा आत आला, किती बाहेर गेला, वेस्ट किती, धाग्याला लावलेल्या तेलाचं वजन किती. दोन्ही बाजू जुळाव्या लागतात. एकदा एका नव्या सुपरवायझरने वेस्ट शून्य दाखवून उत्पादन वाढल्याचा हिशेब आणला होता. याने तो कागद न वाचता परत केला होता. माल हवेतून येत नाही.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी त्याने स्वतःच्या आठवड्याची टॅली मांडली. एकूण तास 168. ड्युटी 48. जाणं-येणं, पाळी बदलताना थांबणं 7. झोप 49, ती कमी झालेली नव्हती, मोबाइल तसं सांगत होता. आंघोळ-जेवण 14. बाजार, मुलीचं गणित, दर बुधवारी आईला रक्तदाब तपासायला सिल्वासाच्या सरकारी दवाखान्यात नेणं, पाण्याची टाकी, बँक, गावाकडचे फोन. वहीत अभ्यासाचे तास लिहिलेले होते: बारा आठवड्यांत 132, म्हणजे आठवड्याला अकरा. डबल पाळीसकट.

अकरा तास आत आले होते. कुठून निघाले ते सापडेना. झोप तेवढीच, ड्युटी तेवढीच. बाजार झाला होता. आईची तपासणी एकदाही चुकली नव्हती. मुलीला गणितात मागच्यापेक्षा चार गुण जास्त होते. वेस्ट शून्य आणि उत्पादन वाढलेलं.

रात्री बायको वह्या तपासत बसली होती. त्याने कागद तिच्यासमोर ठेवला.

“यात काय चुकतंय बघ.”

तिने लाल पेन तसंच हातात ठेवून वाचलं. “बुधवारी आईंना कोण नेत होतं, जुलैपासून?”

तो गप्प.

“बाजार शनिवारी शाळेतून येताना. गणित रात्री साडेनऊला, तुमचं दार लोटलेलं असायचं तेव्हा. गणित मलाच धड येत नाही, आधी मी शिकायचे, मग तिला.” तिने सांगितलं तेही हजेरी घ्यावी तसं. “अहो, मी तक्रार करत नाहीये. तुम्ही विचारलंत म्हणून.”

“सांगायचंस ना तेव्हाच.”

“तुम्ही खुशीत होता.”

मग ती उठली आणि कपाटावरून एक गठ्ठा खाली काढला. खाकी वेष्टन, वर इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचं नाव. धूळ झटकायला लागली तसा तो मागे सरकला. हा गठ्ठा त्याने पाहिला होता. शाळेचं काहीतरी असेल, असं समजून एकदा त्याच्यावर दिवाळीच्या आकाशकंदिलाचं खोकंही ठेवलं होतं.

एमए, इतिहास. प्रवेश अडीच वर्षांपूर्वीचा. दोन पेपर देऊन झाले होते. परीक्षेच्या त्या दोन दिवशी ती लवकर निघून गेली होती, आणि त्याला ते शाळेचं प्रशिक्षण वाटलं होतं. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. नंतर त्याच्या आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं, पुस्तकं कपाटावर गेली. दोन वर्षांचा हा अभ्यासक्रम जास्तीत जास्त चार वर्षांत पुरा करता येतो. दीड वर्ष उरलं होतं.

“बीएड माझं आहेच,” ती म्हणाली. “अकरावी-बारावीला शिकवायचं तर एमए लागतं. जाहिरात निघते तेव्हा पहिल्या ओळीत तेच असतं. दोनदा निघाली. दोनदा मी अर्ज केला नाही, करताच येत नव्हता.”

त्याच्या किल्लीला कुलूप शोधायचं होतं. तिचं कुलूप समोर दिसत होतं, रोज शाळेत जाता-येता.

“आणि दुसरंही एक आहे,” ती म्हणाली, आणि पहिल्यांदा जरा लाजली. “आपल्या इथली पोरं विचारतात, बाई, आपला स्वातंत्र्यदिन दोन ऑगस्टचा की पंधराचा? मी सांगते, सिल्वासा 2 ऑगस्ट 1954 ला मुक्त झालं. मग ती विचारतात, भारतात कधी आलो? 11 ऑगस्ट 1961. मधली सात वर्षं कुणाचे होतो? आपलेच होतो म्हणते. वरिष्ठ पंचायत कारभार बघायची. पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं, 1960 साली निकाल लागला. विलीनीकरणाच्या करारावर सही करायला दिल्लीच्या बरोबरीचा माणूस हवा, म्हणून बडलानी नावाच्या अधिकाऱ्याला एका दिवसापुरतं इथलं पंतप्रधान केलं. पंडित नेहरूंच्या सहीसमोर त्यांची सही. पोरं हसतात. पुस्तकात यातल्या दोन ओळीसुद्धा नाहीत. त्या सात वर्षांत सुरंगीत, खानवेलमध्ये काय चाललं होतं, वारली-कोकणा लोकांच्या जमिनींचं काय झालं, हे कुणीतरी नीट शोधायला हवं ना? मला शोधायचं कसं ते शिकायचंय.”

एकोणीस वर्षं तो नळीवरचे पट्टे बघत आला होता. या घराची नळी त्याने कधी रंगात घातली नव्हती. पांढऱ्यात सगळं सारखं दिसत होतं.

रात्री त्याने टॅली पुन्हा मांडली, या वेळी दोघांची मिळून. घराचे मोकळे तास किती? तिच्या एमएचं उरलेलं काम आणि त्याचे आठवड्याचे तेवीस, एकाच वेळी बसतात का? नाही बसले. आईला दवाखान्यात कुणीतरी न्यायचंच होतं. नव्वद हजारांचा प्रश्न त्या कागदावर कुठे आलाच नाही, आणि फी परवडते एवढ्यावर चार महिन्यांपूर्वी तो सही करणार होता.

सोमवारी सकाळी दहाला फोन वाजला.

“सर, जानेवारीच्या प्रवेशाची शेवटची संधी. सीट होल्ड करू का?”

“सीट सोडून द्या,” तो म्हणाला. “होल्ड मी केलंय.”

पलीकडच्या पोराला ते काही कळलं नाही. त्याने पुन्हा फी सांगायला सुरुवात केली. तेही बिचारं कुठेतरी टार्गेटवर असणार.

त्याने इन्चार्जला सांगून महिनाभर सकाळची पाळी मागून घेतली, सात ते तीन. त्याबदल्यात पुढे दोन दिवाळ्या रात्रपाळी करायचं कबूल केलं. नियंत्रण आलेख त्याने सोडला नाही. एकाच यंत्राचे ठिपके रोज पाळी संपताना मांडायला दहा मिनिटं लागतात, तेवढी सापडली. वरच्या साहेबाने तो कागद भिंतीवर पाहिला, “हे काय?” विचारलं, उत्तर अर्धं ऐकलं आणि पुढे गेला. कागद अजून भिंतीवर आहे. आता त्यावर तिसऱ्या पाळीतला एक पोरगाही ठिपके मांडतो, थोडे वाकडे.

बुधवारी तो आईला घेऊन सिल्वासाला जातो. पहिल्या बुधवारी रांगेत दीड तास गेला. चार महिने बायको दर आठवड्याला इथे उभी राहिली आणि मग घरी येऊन पोळ्या लाटल्या, हे त्याला तिथल्या बाकावर बसल्यावर कळलं. डाळ त्याला अजून जमत नाही. एकदा करपली, एकदा मीठच नव्हतं. आईने दोन्ही वेळा काही न बोलता खाल्ली आणि दुसऱ्या वेळी ताटाखालून मिठाची वाटी सरकवली.

काल साडेनऊच्या सुमाराला मुलगी गणित घेऊन त्याच्याजवळ बसली होती. सरासरी आणि मध्यक. तिला मध्यक समजत नव्हता. तो रंगात आला. धाग्याची उदाहरणं, हीटर, नऊ ठिपके, सगळं सांगायला लागला आणि आवाज चढला.

आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आतून तिचा आवाज आला, “हळू हो जरा, वाचतेय.”

तो थांबला. मग पुटपुटल्यासारखा पुढचा ठिपका मांडू लागला. बाहेरच्या खोलीतून आई म्हणाली, “जेवी ले रे भो.” तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं की कुकर त्यानेच लावायचा होता.